कोल्हापुरीवर लिंबू-सोडा घासू नका

सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, कोल्हापुरीवर कसलाही डाग असू दे, लिंबू आणि खायचा सोडा लावून घासा, टूथपेस्ट फिरवा, धुवून कडक उन्हात वाळवा, वरून खोबरेल लावा, चप्पल नव्यासारखी. हात जोडून सांगतो, करू नका हे.

आधी सोडा. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते मुळात थोडं आम्लधर्मी असतं आणि सोडा बरोबर त्याच्या उलटा, त्यामुळे घासलं की कातडं काळपट पडतं, कोरडं होतं, पुढे तडे जातात. लिंबासोबत फेस येतो तो नुसता गॅस, डाग निघत नसतो.

लिंबाची एक गोष्ट खरीये. ओली चप्पल लोखंडी स्टँडवर ठेवली की काळेनिळे डाग पडतात, कारण हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र येतं, तो डाग लिंबाने फिकट होतो. पण आजूबाजूचा रंगही उडतो आणि पांढुरका चट्टा राहतो, तो कसा काढणार?

टूथपेस्टमध्ये घासायची बारीक पूड असते, ती वरची चकाकी खरवडते आणि वेणीच्या खाचांत पांढरी अडकून बसते.

धुणं आणि ऊन याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तळ कातड्याच्या थरांचा, वादीने हाताने शिवलेला, पाणी मुरलं की फुगतो आणि उन्हात आकसून लाकडासारखा कडक होतो, थर सुटायला लागतात. अरे 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे ही, फरशी पुसायचं फडकं नाही! पाण्याचा डाग असेल तर घट्ट पिळलेल्या फडक्याने अख्खा पट्टा एकसारखा ओलसर करा आणि सावलीत वाळवा, डागाची कड बरीचशी मिटते.

आणि खोबरेल? तेल हाच तर डाग. बाबांच्या चपलेच्या पट्ट्यावर भज्यांचं तेल उडालं होतं, रुपयाएवढा गडद ठिपका, आम्ही घासला नाही, नुसतं टिपून घेतलं आणि वर टाल्कम पावडर जाड थापून रात्रभर ठेवली, सकाळी पावडर पिवळट होऊन तिच्या गुठळ्या झालेल्या, त्या झटकल्या आणि परत नवी थापली, असं तीन रात्री केलं. आता ती चप्पल उजेडात तिरकी धरली तरच ठिपका कुठे होता ते कळतं.