उणे बारा व्होल्टचे लाड

मोबाइलच्या टॉवरमधून निवृत्त होऊन भंगारात निघालेला ट्रिम्बल कंपनीचा थंडरबोल्ट (जीपीएसच्या वेळेवरून अचूक फ्रीक्वेन्सी देणारा डबा) घरी आणणं म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जावई बोलावणं. पठ्ठ्या उपग्रहांकडून वेळ घेऊन 10 मेगाहर्ट्‌झ चोख देतो, पण आधी त्याचं करा! अधिक 12, अधिक 5 आणि वर उणे 12 व्होल्ट. उणे 12 वर खातो जेमतेम 10 मिलिअँपिअर, पण तेवढं पानात हवंच.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, चालतो. पिवळी, लाल, निळी वायर घ्या, हिरवी काळीला टेकवा, काम झालं. पण त्याची खरखर 10 मेगाहर्ट्‌झमध्ये उतरू शकते. म्हणून मी ट्रान्सफॉर्मर आणि 7812, 7805, 7912 या व्होल्टेज रेग्युलेटरांच्या (अनुक्रमे अधिक 12, अधिक 5, उणे 12) बाजूचा. आतला क्रिस्टलचा ओव्हन (क्रिस्टल एका तापमानाला ठेवणारा हीटर) गार असताना 12 व्होल्टवर पाऊण अँपिअर ओढतो, तेव्हा हीटसिंक आलाच. इथेच घात होतो. 7812 च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला, 7912 चा मात्र इनपुटला! तिघांना एकाच अ‍ॅल्युमिनियमवर मुकाट्याने आवळलं की उणे सप्लाय सरळ शॉर्ट. लॅमिंग्टन रोडवर चिल्लर भावात मिळणारी अभ्रकाची चकती आणि स्क्रूचं प्लास्टिक बूच विसरू नका. 7912 चे पायही वेगळ्या क्रमाने असतात, हा वरचा अहेर. जोडण्याआधी तिन्ही व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा.

अँटेना सोपी. सॉकेट एफ जातीचं, म्हणून केबलवाल्याची उरलेली आरजी-6 चालते. पण याच वायरीतून अँटेनेला 5 व्होल्ट जातात. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याला टेकली, की ‘अँटेना शॉर्ट’चा अलार्म. आणि अँटेनेला मोकळं आकाश लागतं. खिडकीतल्या तुळशीशेजारी भागत नाही.

मग कॉम्प्युटरला सिरियल पोर्टने जोडून 9600 बॉडच्या वेगावर ‘लेडी हेदर’ हा त्याच्यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लावा. अँटेनेची जागा पक्की करायला थंडरबोल्ट 2000 मापं घेतो, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. झाल्यावर ती जागा सेव्ह करा, नाहीतर दर लोडशेडिंगनंतर पुन्हा तोच सोहळा. तारीख 1024 आठवडे मागची दिसते. 30 जुलै 2017 पासून त्याचं कॅलेंडर तसंच आहे. फ्रीक्वेन्सीला त्याने काही होत नाही, त्यामुळे मी तिकडे बघतच नाही.

10 मेगाहर्ट्‌झ चार यंत्रांना द्यायचं तर टी-कनेक्टरांची माळ नको, डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर लावा. एवढं करूनही फ्रीक्वेन्सी मोजणारा काउंटर आपलंच खरं करत असेल, तर त्याच्या पाठीमागचा स्विच बघा. तो अजून ‘इंटर्नल’वरच, म्हणजे काउंटरच्या स्वतःच्या क्रिस्टलवर असतो.