‘चेंडू एकच असतो’ म्हणणाऱ्या मित्रास

दरवर्षी एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, ट्रेडची, खेळाडूंच्या अदलाबदलीची, बोलणी सुरू झाली की एक मजकूर ग्रुपांमधून फिरायला लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. सार असं: एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. चेंडू एकच असतो, त्यामुळे दोन सुपरस्टार एकत्र आले की दोघांचाही खेळ उतरतो, आकडे पडतात, अहंकार आडवे येतात. पटत नसेल तर २००४चे लेकर्स बघा, ब्रुकलिन नेट्स बघा, फिनिक्स सन्स बघा. आणि शेवटी हुकमाचा एक्का: मायकेल जॉर्डनला कुठे कुणाची गरज लागली होती?

परवा हा मजकूर मला ज्याने पाठवला, त्याच्याबरोबर मी पंधरा वर्षं संध्याकाळी खेळतोय. एक अंगठा टाकून विषय संपवता आला असता. पण खाली त्याने ‘बोल आता’ असं लिहिलं होतं. तर बोलतो.

जॉर्डनपासून सुरुवात करू, कारण ते पटकन आटपतं. स्कॉटी पिपेन जॉर्डनच्या शिकागो संघात आला १९८७ साली. त्याआधीच्या तीन सीझनमध्ये जॉर्डन प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दहा मॅच खेळला आणि त्यातली एक जिंकला. १९८६ मध्ये बोस्टनविरुद्ध त्याने एकाच मॅचमध्ये ६३ पॉइंट केले, आणि शिकागो ती मॅचही हरलं. पुढे जी सहा विजेतेपदं आली, त्या सहाही वेळी पिपेन शेजारी होता. एक्का इथेच पडला.

आता ‘चेंडू एकच असतो’. या वाक्यावर सगळे माना डोलावतात, कारण ते खरंच आहे. चेंडू एकच असतो. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो असा, की चांगला खेळाडू म्हणजे चेंडू हातात असलेला खेळाडू. गोची इथे आहे.

५ डिसेंबर २०१६ची गोल्डन स्टेट आणि इंडियाना ही मॅच घे. गोल्डन स्टेटकडे तेव्हा स्टीफन करी, केविन ड्युरंट, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन. म्हणजे दोन नाही, चार तलवारी. त्या रात्री थॉम्पसनने २९ मिनिटांत ६० पॉइंट केले आणि चौथा क्वार्टर बेंचवर बसून काढला. या सगळ्यात चेंडू त्याच्या हातात होता साधारण दीड मिनिट. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटणं, किती? ११. साठ पॉइंटांना अकरा ड्रिबल! मॅच पुन्हा लावून फक्त त्याच्या पायांकडे बघ. स्क्रीनला, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याला, खांदा घासून तो बाहेर येतो, पास हवेत असतानाच पाय रोवलेले असतात, अंग बास्केटकडे वळलेलं असतं. चेंडू हाताला लागतो आणि सुटतो. त्याला चेंडूचा वाटा हवा होता, ताबा नको होता.

आणि ज्या वेळी चेंडू त्याच्याकडे येत नाही तेव्हाही तो काम करत असतोच. कोपऱ्यात असा माणूस उभा असला की त्याच्यावरचा डिफेंडर जागचा हलू शकत नाही. हलला, तर लांबच्या शॉटचे तीन पॉइंट गेले. म्हणजे मधून ड्युरंट घुसतो तेव्हा त्याला अडवायला एक माणूस कमी. स्कोअरशीटवर याची नोंद होत नाही, म्हणून तू फॉरवर्ड केलेल्या मजकुरातही होत नाही.

साधा हिशेब कर. मॅच ४८ मिनिटांची. स्टार खेळतो ३६च्या आसपास. एक बसतो तेव्हा दुसरा मैदानात, दुसरा बसतो तेव्हा पहिला. कोच शहाणा असेल तर जवळजवळ अख्खी मॅच मैदानात एक तरी अव्वल खेळाडू असतो, आणि दोघांनाही आपापली स्वतंत्र मिनिटं मिळतात. एकच स्टार असलेल्या टीमचं काय होतं ते त्याच्या विश्रांतीच्या दहा-बारा मिनिटांत बघ. वीस पॉइंटांची आघाडी चहा गार व्हायच्या आत वितळते. गोल्डन स्टेटने त्या सीझनमध्ये ६७ मॅच जिंकल्या आणि प्लेऑफमध्ये १६ जिंकून फक्त एक हरली.

इथे तुझ्या बाजूचा खरा पुरावा मीच देतो, फॉरवर्डवाल्याला तो सुचलेला दिसत नाही. २०२१ मध्ये लेकर्सनी रसेल वेस्टब्रूकला आणलं. लेब्रॉन जेम्स, अँथनी डेव्हिस, वेस्टब्रूक: कागदावर धडकी भरावी अशी तिकडी. निकाल ३३ विजय, ४९ पराभव, प्लेऑफसुद्धा नाही. दुखापती होत्याच, पण दुखणं त्याहून खोल होतं. वेस्टब्रूक हा चेंडू हातात असताना वादळ, आणि चेंडू नसताना? बाहेरून त्याचा शॉट लागत नाही हे सगळ्या लीगला ठाऊक. त्याच्यावरचा डिफेंडर त्याला खुशाल मोकळा सोडून लेब्रॉनच्या वाटेत जाऊन उभा राहायचा. शिवाय त्याला मिळवायला काइल कुझ्मा आणि केंटेव्हियस काल्डवेल-पोप देऊन बसले, म्हणजे जी माणसं बाहेरून शॉट मारायची तीच गेली. तेव्हा काही जोड्या जमत नाहीत, मान्य. पण लेब्रॉन आणि डेव्हिस ही जोडी त्याआधी २०२० मध्ये विजेतेपद मिळवून बसली होती. त्याच म्यानात, त्याच दोन तलवारी. मग दोष ‘दोन स्टार’ या संख्येला कसा देणार?

आकडे पडतात हाही मुद्दा अर्धाच खरा. पडतात. करी मॅचमागे ३०.१ पॉइंटांच्या सरासरीवरून ड्युरंट आल्यावर २५.३ वर आला. ख्रिस बॉश टोरांटोत २४ पॉइंटांची सरासरी काढत होता, २०१० मध्ये मायामीत लेब्रॉन आणि ड्वेन वेडच्या पंक्तीला बसला आणि १८.७ वर आला. त्या काळात बॉशची केवढी टिंगल झाली! आता २०१३च्या फायनलची सहावी मॅच आठव. सॅन अँटोनियो विजेतेपदापासून काही सेकंद दूर, मायामी तीन पॉइंटांनी मागे, लेब्रॉनचा शॉट हुकतो. गर्दीतून रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, कोण काढतो? बॉश. स्वतः शॉट मारायचा मोह न होता मागे सरकत कोपऱ्यात चाललेल्या रे ॲलनला पास कोण देतो? बॉश. ५.२ सेकंद शिल्लक असताना ॲलनचा तीन पॉइंटांचा शॉट लागतो, मॅच ओव्हरटाइममध्ये जाते. आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी डॅनी ग्रीनचा शॉट ब्लॉक करणारा हातही बॉशचाच. सातव्या मॅचमध्ये या माणसाने शून्य पॉइंट केले. शून्य. मायामी ९५-८८ जिंकलं. बॉशचे आकडे पडले यात शंका नाही, फक्त ते वाचायचे कसे हा प्रश्न आहे.

अहंकाराचं म्हणशील, तर शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्याइतकं जाहीर भांडण कुणाचं झालं नसेल. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. आणि तरी २०००, २००१, २००२ अशी सलग तीन विजेतेपदं. १९९६ पासून दोघं एकत्र होते; फिल जॅक्सन १९९९ मध्ये कोच म्हणून यायच्या आधी हीच जोडी १९९८ ला युटाकडून आणि १९९९ ला सॅन अँटोनियोकडून ४-० अशी धुवून निघाली होती. माणसं तीच, अहंकार तेवढेच, बदलला तो कोच आणि आक्रमणाची घडी. २००१च्या प्लेऑफमध्ये या भांडकुदळ जोडीने १५ जिंकल्या, एक हरली. ती एक फिलाडेल्फियाविरुद्ध, फायनलची पहिली मॅच. समोर ॲलन आयव्हर्सन, त्या वर्षीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), तुमच्या ‘एकच तलवार’ सिद्धांताचा चालताबोलता नमुना. त्याने ४८ पॉइंट ठोकून ती मॅच ओव्हरटाइममध्ये काढली. मी आजही ती बघतो, अंगावर काटा येतो. पुढच्या चारही लेकर्सनी घेतल्या.

उरलेले पुरावे भराभर. २००४च्या लेकर्समध्ये कार्ल मलोन चाळिशीचा होता आणि फायनलमध्ये गुडघ्याने अधू. गॅरी पेटन पस्तिशीचा. त्यांना स्टार म्हणायचं ते नावाला मान देऊन. ती फायनल जिंकणारा समोरचा डेट्रॉइट मात्र खरोखर बिनस्टारचा, पाच माणसांनी पाच बोटांसारखा खेळणारा संघ होता, त्याचं श्रेय त्याला. २०११ मध्ये डर्क नोविट्स्कीने डॅलसला एकट्याच्या जोरावर विजेतेपदापर्यंत नेलं हेही घे. अपवाद आहेत, आणि ते लोभस आहेत म्हणून तर लक्षात राहतात.

नेट्सचं तर उदाहरण देऊच नये. ड्युरंट, जेम्स हार्डन, कायरी अर्व्हिंग हे तिघं एकत्र किती मॅच खेळले? १६. त्यातल्या १३ जिंकले. ही टीम खेळून फसली नाही, न खेळता फसली: हार्डनचा स्नायू, अर्व्हिंगचा घोटा, मग अर्व्हिंगने लस घेतली नाही म्हणून न्यूयॉर्कच्या नियमांपायी घरच्या मॅच बंद, मग एकेकाचं निघून जाणं. लग्नात अक्षता पडायच्या आधीच वऱ्हाड परतलं, आणि तुम्ही म्हणताय संसार जमला नाही.

सन्सचं मात्र मी लढवणार नाही. ड्युरंट, डेव्हिन बुकर, ब्रॅडली बील. पहिल्या सीझनमध्ये मिनेसोटाने ४-० ने घालवलं, दुसऱ्यात ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफही नाही. सगळा पैसा तिघांवर, आणि तिघांचं हुकमी काम एकच: स्वतःसाठी शॉट तयार करणं. तिघेही सुतार, घर बांधायला गवंडी कुणी नाही. यातून ‘सारखीच तीन माणसं घेऊ नका’ एवढंच निघतं.

आता मला खरंच कुतूहल वाटतं ते याचं, की हा समज इतका पक्का बसला कसा. उत्तर आपल्याच सिमेंटच्या मैदानावर सापडेल असं वाटतं. आपण रोज भिडू वाटतो. तू आणि आपला तो डावखुरा, आमच्यातले दोघे सर्वांत चांगले. पंधरा वर्षांत तुम्ही दोघं एका बाजूला किती वेळा खेळलात? मला आठवत नाही. तू इकडे, तो तिकडे, हे वाटण्याआधीच ठरलेलं. का? कारण एकत्र टाकलं तर मॅचमध्ये राम उरत नाही, दहा मिनिटांत एकतर्फी होते. म्हणजे दोन चांगले खेळाडू एकत्र आले तर काय होतं हे आपल्याला नीट माहीत आहे, म्हणून तर आपण त्यांना वेगळं करतो! आणि मग लहानपणापासून त्यांना फक्त समोरासमोर बघून म्हणतो, यांचं एकत्र जमायचं नाही.

बोस्टनमध्ये हेच सात वर्षं चाललं. जेलन ब्राउन २०१६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला, जेसन टेटम २०१७चा तिसऱ्या क्रमांकाचा. जवळपास एकाच उंचीचे, एकाच जागी खेळणारे, दोघांनाही शेवटचा शॉट हवा. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला २५ पॉइंटांची आघाडी घालवून हरले, रेकॉर्ड १८ विजय, २१ पराभव असं झालं, आणि ‘दोघांतला एक विका’ हा पुकारा टिपेला पोचला. त्याच सीझनमध्ये फायनल गाठली. २०२३ मध्ये मायामीविरुद्ध सातव्या मॅचमध्ये पुन्हा माती खाल्ली: टेटमचा घोटा पहिल्याच चालीत मुरगळला, ब्राउनने २३ पैकी ८ शॉट लावले आणि ८ वेळा चेंडू घालवला. त्या मॅचनंतर मीसुद्धा म्हणालो होतो की विका एकाला. ते मेसेज तुझ्याकडे असतील, काढू नकोस.

व्यवस्थापनाने विकलं नाही. ब्राउनला पाच वर्षांचा ३० कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला, आणि बदललं ते आजूबाजूचं सामान. क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आला, ड्रू हॉलिडे आला, डेरिक व्हाइट होताच. पाचच्या पाच माणसांना बाहेरून शॉट येतो, कुणालाच मोकळं सोडायची सोय नाही. ६४ विजय, १८ पराभव.

फायनलला समोर डॅलस. दुसऱ्या मॅचच्या आधी डॅलसचा कोच जेसन किड पत्रकारांसमोर बोलून गेला की बोस्टनचा सर्वोत्तम खेळाडू ब्राउन आहे. म्हणजे फॉरवर्डमधला सिद्धांत त्याने हत्यार म्हणून वापरून पाहिला, दोघांत काडी टाकली. आपल्याकडे ती मॅच सोमवारी पहाटे साडेपाचला होती. मी एक डोळा मिटूनच लावली. टेटमचा शॉट काही केल्या लागत नव्हता, २२ पैकी ६. चिडलेला, डिवचलेला स्टार अशा वेळी तेविसावा, चोविसावा मारत सुटतो. हा मध्ये घुसायचा, दोन-तीन जण अंगावर घ्यायचा आणि चेंडू बाहेर द्यायचा. १२ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास), ९ रिबाउंड. सर्वांत जास्त पॉइंट केले हॉलिडेने, २६. बोस्टन १०५-९८.

मालिका ४-१ संपली. फायनलच्या एमव्हीपीसाठी अकरा मतं होती: ब्राउनला ७, टेटमला ४. करंडक हातात घेऊन ब्राउनने टेटमचं नाव घेतलं.

आज संध्याकाळी भिडू वाटायची पाळी माझी आहे. तुला आणि डावखुऱ्याला एका बाजूला टाकतोय. चेंडू मी आणतो, एकच.