गाडीला उचकी लागते तेव्हा

आमच्या गाडीला उचकी लागायची. दारात उभी असताना तिचं इंजिन इतकं शहाण्यासारखं चालायचं की वाटावं, बघायला पाहुणे आलेत. रस्त्यावर ताशी 40 मैलांचा वेग धरून, पाय जरा सैल सोडून आरामात निघालं की मात्र हिक्! मान पुढे, मान मागे, पुन्हा हिक्! ॲक्सिलरेटर पार खाली दाबला की उचकी गायब. बर्मिंगहॅमबाहेर लिकीच्या टेकड्यांचा चढ ती बिनतक्रार चढायची आणि वर सपाटीला लागली की हिक्!

गाडी 1972 सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, ॲबिंग्डनच्या कारखान्यात जन्मलेली. 1962 ते 1980 पर्यंत बंद टपाच्या धरून एमजीबी पाच लाखांवर झाल्या. इथे एवढ्या वयाच्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो. सरकारनेही जिच्यापुढे हात टेकले, तिच्याशी मी एकटा झुंजत होतो.

आईने साताऱ्याहून फोनवर निदान केलं. "अरे, कुणीतरी आठवण काढत असेल तिची. आधीचा मालक असणार. चमचाभर साखर घालून बघ." पेट्रोलच्या टाकीत साखर घालत नाहीत हे तिला पटवायला अर्धा तास गेला. तिथेच गॅरेज असलेल्या चुलतभावाने तर लक्षण पुरतं ऐकलंही नाही. "दादा, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीत कचराच आलेला असतो.

इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारे कार्बोरेटर दोन, दोन्ही एसयूचे. एसयू म्हणजे स्किनर युनियन. ज्या स्किनर बंधूंनी तो काढला, त्यांच्या घरचा धंदा चपला-बुटांचा. सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये भाता होता तोही चामड्याचा. मी दोन्ही उघडले, धुतले, वरून तेल घातलं, आणि रबरी नळीचं एक टोक कानात अन् दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून बसलो. दोघांचा सुस्कारा सारखा यावा लागतो. तीन शनिवार सुस्कारे ऐकण्यात गेले. कचरा चिमूटभरही निघाला नाही.

मग संशय टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे पोचवणाऱ्या पंपावर. तोही एसयूचा, मागच्या चाकाजवळ गाडीच्या पोटाखाली. चावी फिरवली की टक टक टक करून गप्प होतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर कधी त्याचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, चिकटतात, आणि यावर जुन्या लोकांचा उतारा म्हणजे पंपाला बुटाने ठोकणं. मी कोल्हापुरी घेऊन गाडीखाली शिरलो. चपलांच्या घराण्याचं यंत्र चपलेनेच वठणीवर यावं, यातला न्याय मला फार आवडला होता. पंप निर्दोष निघाला. कोल्हापुरीचा अंगठा तुटला.

पुढे प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, कंडेन्सर असं एकेक बदलत गेलो आणि प्रत्येक पार्सल उघडताना आधीच्या मालकाचा उद्धार करत गेलो. काय वाटोळं करून ठेवलंय या माणसाने गाडीचं!

शेवटी शेजारचे आजोबा आले. आयुष्य गॅरेजात गेलेले, हातात स्वतःचा चहाचा मग. त्यांनी एवढंच विचारलं, "चढावर होत नाही ना?" इंजिन चालू करायला लावलं. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डबा. त्याच्या बाजूला वाटीसारखी एक डबी असते, तिला कार्बोरेटरकडून एक बारीक नळी येते. ती त्यांनी कार्बोरेटरकडून उपटली, तोंडात धरली आणि उसाचा रस ओढावा तशी ओढली.

हिक्!

सोडली, इंजिन सुरळीत. पुन्हा ओढली, हिक्! आरामात चालताना इंजिनची ओढ त्या नळीतून डिस्ट्रिब्यूटरच्या आतली पाटी किंचित फिरवते, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते. पाय पूर्ण दाबला की ओढ जाते, पाटी जागेवर येते. दारात उभ्या गाडीलाही नळीत ओढ नसते. म्हणजे पाटी हलली की काहीतरी तुटत होतं, आणि मी तीन महिने न हलणाऱ्या गोष्टी बदलत होतो.

आजोबांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली. आत पाटीवरच्या पॉइंटकडे जाणारी बोटभर निळी वायर, वरून धडधाकट. त्यांनी चिमटीत धरून ओढली तर ती शिजलेल्या शेवईसारखी लांबली. आतलं तांबं तुटलेलं, नुसतं प्लॅस्टिक तग धरून होतं. इथे बारीक तारांची, सतत वाकली तरी न तुटणारी मऊ वायर लागते, ही भलतीच ताठ होती.

"कुणी घातली ही?" त्यांनी विचारलं.

"आधीच्या मालकाने," मी तत्काळ म्हणालो.

बायको बिस्किटं घेऊन मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती वाकून बघत म्हणाली, "अरे, ही आपल्या जुन्या डोअरबेलची वायर ना? पॉइंट बदलले तेव्हा तूच कापून नेली होतीस."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नाही, हे त्या दिवशी फार बरं वाटलं.