कामच आहे त्यांचं

सकाळी भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी तो जुना व्हिडिओ टाकला. १७ ऑगस्ट २०१८, केरळातला पूर, आलुवा. पाणमोट फुटलेली बाई वायररोपला लटकत नौदलाच्या हेलिकॉप्टरकडं वर चाललीय. मी चहा घेता घेता थांबलो. आणि खाली आमच्या एका बंधुराजांचा शेरा: "त्यात काय एवढं? कामच आहे त्यांचं. पगार घेतात की."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे शहाण्या, २०१९ चा पूर विसरलास? आपल्या वहिनीला नववा लागलेला. शिरोळ तालुक्यात रस्ता कुठला आणि ऊस कुठला कळत नव्हतं. गुऱ्हाळातली काहिल, उसाचा रस आटवायची ती मोठी कढई, आणली आणि तिला मधोमध बसवली. काहिलीला ना पुढा ना मागा, धार लागली की गरागरा फिरते. थोरल्या काकांनी काठ धरला तो पलीकडं टेकेपर्यंत सोडला नाही. हाताची कातडी सोलून निघाली होती.

हेलिकॉप्टरच्या दारात असाच एक माणूस असतो. वैमानिकाला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं दिसत नाही. दारातला माणूस वाकून बघतो आणि कानातल्या फोनवर सांगत राहतो, पुढं, थोडं डावीकडं, थांब. एका हातात वायर वरखाली करणाऱ्या विंचचं बटण, दुसऱ्या हातानं वायर धरलेली, खालचा जीव झोके खाऊ नये म्हणून. आलुव्यात आधी डॉक्टरला खाली सोडलं, बाईला तपासलं, मग तिला वर घेतलं. त्याच दिवशी कोचीच्या नौदल रुग्णालयात मुलगा झाला. वैमानिक कमांडर विजय वर्मांचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं. पण ती वायर कुणी धरली होती?

केरळातल्याच चालकुडीत तर हेलिकॉप्टर घराच्या छतावर टेकवलं. पूर्ण भार टाकला असता तर छत गेलं असतं, म्हणून पंखा फिरता ठेवून निम्मं हवेतच. २६ माणसं काढली. वैमानिकाचं आडनाव गरुड. खरंच, अभिजित गरुड!

बरं, पगार मिळतो, मान्य. केरळातले कोळी बिनपगारी होड्या घेऊन उतरले, तेही मान्य. आणि धरणाचं पाणी कधी सोडलं हे विचारायलाच हवं, टाळ्या वाजवून ते झाकू नये. पण पगारात कुठल्या रकान्यात लिहिलंय की वाऱ्यात तरंगत दुसऱ्याची बाळंतीण ओढून घ्यायची?

काकांना कुणी पगार दिला होता रे? नव्हता दिला. मग पगार असता तर त्यांचे सोललेले हात कमी दुखले असते का?

जाऊ दे. बंधुराजही वाईट नाहीत. २०१९ च्या त्या पुरात यांचंच घर पहिलं बुडालं, दोन म्हशी गेल्या. तेव्हापासून कुणाचं कौतुक केलं की चिडतात.

आलुव्याच्या त्या गच्चीवर नंतर कुणीतरी पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात 'थँक्स' लिहिलं होतं. वरून दिसेल असं. मी तो फोटो ग्रुपवर टाकलाय.

वहिनीनं हात जोडलेत. तिचा पोरगा आता पहिलीत आहे, गोठ्यामागं पालथ्या पडलेल्या काहिलीवर काठी बडवत असतो. बंधुराजांची निळी टिक आलीय. उत्तर नाही.