'शेवटी सर्व्हर एकच असतो ना?' या आक्षेपाला उत्तर

प्रकल्पांनी सबव्हर्जन सोडून गिट का घ्यावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (दोन्ही कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणाली; सबव्हर्जनमध्ये इतिहास एका सर्व्हरवर राहतो, गिटमध्ये प्रत्येकाकडे.) तुमचा मुद्दा असा, की प्रकल्प गिटवर गेला तरी अधिकृत रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) एकच राहते आणि सगळे आपलं काम तिथेच पुश करतात, म्हणजे पाठवतात. मग सबव्हर्जनने काय घोडं मारलं होतं? वर नवख्यांच्या डोक्याला स्टेजिंग आणि रिबेस अशा गिटच्या खास पायऱ्यांचा ताप.

रिपॉझिटरी एकच असते, हे मान्य. लिनक्स कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्यातही) शेवटी त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचीच प्रत प्रमाण धरतात. पण माझ्या लेखी खरा प्रश्न सर्व्हर किती हा नाही, कमिट करायचा, म्हणजे बदल इतिहासात नोंदवायचा, हक्क कोणाला हा आहे. सबव्हर्जनमध्ये कमिट करणं आणि ते सगळ्यांपुढे जाणं ही एकच क्रिया. त्यामुळे हक्क नसलेल्या माणसाच्या कामाला इतिहासच नसतो. तो चेकआउट, म्हणजे कोडची प्रत, घेतो, बदल करतो, डिफ (फक्त बदललेल्या ओळींची फाइल) काढून पाठवतो आणि वाट बघतो. तोवर ट्रंक, म्हणजे मुख्य कोड, पुढे गेलेला असतो आणि पॅच, म्हणजे त्याने पाठवलेला बदल, त्यावर लागत नाही. मी अशी एक दुरुस्ती कित्येक आठवडे फोल्डरच्या प्रती करून सांभाळली आहे. पाच टप्प्यांत विचार करून केलेलं काम शेवटी एका लांबलचक डिफमध्ये कोंबावं लागलं आणि तपासणाऱ्याला त्यातलं काय कशासाठी केलंय, तेच कळेना. शिवाय सबव्हर्जनच्या नोंदीत लेखक म्हणून नाव लागतं ते कमिट करणाऱ्याचं. पॅच लिहिणाऱ्याचा उल्लेख संदेशात कोणी आठवणीने केला तर केला.

गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. बाहेरच्या माणसाचं काम त्याच्या नावानिशी, त्याच्या टप्प्यांसकट आत येतं, आणि ते करायला सुरुवात करताना त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. जिथे बहुतेक लोक फावल्या वेळात आणि बिनपगारी काम करतात, तिथे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गिट म्हणजे नुसती 'लाट आहे' हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. लिनक्सवरचा डेस्कटॉप ग्नोम २००९ मध्ये गिटवर गेला. पायथनने २०११ मध्ये मर्क्युरियल ही गिटसारखीच प्रणाली घेतली आणि २०१७ मध्ये पुन्हा सगळं हलवून गिट घेतलं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने आपला मूळ सोर्स २०२० च्या अखेरीस हलवला, म्हणजे घाई नक्कीच केली नाही. ओपनबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आजही सबव्हर्जनहूनही जुन्या सीव्हीएसवर आहे आणि त्यांचं काम उत्तम चाललंय, हेही खरं.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'प्रत्येक क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) हा बॅकअपच' असं मी लेखात लिहिलं होतं, ते चूक आहे. २०१३ मध्ये केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवर फाइल सिस्टिम बिघडली आणि मिरर सर्व्हरांनी (मुख्य सर्व्हरच्या आपोआप जुळणाऱ्या प्रतींनी) तो बिघाड इमानदारीने उतरवून घेतला. सुमारे १५०० रिपॉझिटरी जाण्याच्या बेतात होत्या. एका सर्व्हरचं सिंक तेव्हा झालेलं नव्हतं, म्हणून त्या वाचल्या. आपोआप जुळणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.

आणि तुमच्या प्रकल्पाबद्दल: मोठ्या चित्रफाइली रोज बदलतात, असं तुम्ही लिहिलंय. अशा फाइलींमधले दोघांचे बदल मर्ज, म्हणजे एकत्र, होत नाहीत, एका वेळी एकानेच बदलावी म्हणून फाइल लॉक करावी लागते, आणि गिटचा साधा क्लोन त्यांची प्रत्येक जुनी आवृत्ती प्रत्येकाच्या डिस्कवर आणून ठेवतो. त्या फाइली सबव्हर्जनमध्येच ठेवा, फक्त कोड हलवा.