‘एका ओळीत हायलाइट’? काकूंना विचारा

आमच्या पुण्यातल्या डेव्हलपर ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो: ‘मेन्यूतली चालू पानाची लिंक हायलाइट करणं ही नुसती सजावट. पानाचा पत्ता लिंकच्या पत्त्याने सुरू होतो का बघा, अॅक्टिव्ह क्लास (दिसणं बदलण्यासाठी लिंकला दिलेलं नाव) लावा, रंग बदला, झालं. फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) कशाला?’

‘पत्त्याने सुरू होतो का बघा’ हे मी करून बसलोय. सदाशिव पेठेतल्या एका खानावळीला मासिक पासचं अॅप करून दिलं होतं. मेन्यूत तीन लिंका: ‘/’ म्हणजे मुखपृष्ठ, ‘/पास’ आणि ‘/पासवर्ड’. खानावळवाल्या काकूंनी पासवर्डचं पान उघडलं आणि तिन्ही लिंका केशरी! “अरे, मी नक्की आहे कुठे?” चूक माझीच. ‘पासवर्ड’ची सुरुवात ‘पास’नेच होते, आणि ‘/’ने तर साइटवरचा प्रत्येक पाथ (साइटच्या नावानंतरचा पत्ता) सुरू होतो. वैतागून तंतोतंत जुळणी लावली, तर ‘/पास/जून’ उघडल्यावर एकही लिंक उजळेना. शेवटी नियम ठरला तो असा: पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं सोडा, फक्त पाथ घ्या. तो लिंकच्या पाथशी तंतोतंत जुळला, किंवा तेवढ्या भागानंतर लगेच ‘/’ आला, तरच लिंक उजळायची. मुखपृष्ठाला मात्र तंतोतंतच. रिअॅक्ट राउटर या तयार कोडमधला मेन्यू-लिंकचा घटक, नॅवलिंक, असे अर्धे शब्द जुळवत नाहीच. फ्रेमवर्क कशाला, तर यासाठी.

‘नुसती सजावट’ म्हणणाऱ्याने एकदा डोळे मिटून मेन्यू ऐकावा. क्लासचं नाव स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, काहीच सांगत नाही. त्यासाठी ‘एरिया-करंट’ हे अॅट्रिब्यूट (लिंकच्या कोडमध्ये लिहायची खूण) आहे, २०१७ साली एरिया १.१ या वेब सुलभतेच्या मानकात आलेलं. त्याला ‘पेज’ ही किंमत दिली की स्क्रीन रीडर लिंकसोबत ‘चालू पान’ अशा अर्थाचं बोलतो. मी सीएसएसही (रंगरूपाचे नियम) त्याच अॅट्रिब्यूटवर लावतो, वेगळा क्लास ठेवतच नाही. मग दिसतं एक आणि ऐकू येतं दुसरं, असं होत नाही. आणि फक्त रंगावर विसंबू नका असं डब्ल्यूसीएजी (वेब सुलभतेची नियमावली) पहिल्याच पातळीवर, ‘ए’ला सांगतं. केशरी आणि करड्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही. खाली जाड रेघ ओढा.

काही जण सीएसएसमधलं ‘:अॅक्टिव्ह’ वापरून मोकळे होतात. ते बोट दाबून धरलंय तेवढ्यापुरतं असतं.

फॉरवर्डमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. पाच पानांची, सर्व्हरवरून येणारी साधी साइट असेल तर जावास्क्रिप्टही नको. कुठलं पान पाठवतोय हे टेम्पलेटला (पानाच्या साच्याला) ठाऊक असतंच, तिथेच अॅट्रिब्यूट लिहा. काकूंचं अॅप आता तसंच चालतंय.