बाज चांगलीच, पण मेसेजमधल्या कारणांसाठी नव्हे

'सोने के लिए खाट हमारे पूर्वजों की सर्वोत्तम खोज है' अशी सुरुवात असलेला मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे. आता त्याची मराठी रूपंही घरोघरच्या ग्रुपवर आली आहेत. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वजांना लाकूड चिरून डबल बेड करता आला नसता असं नाही, पण त्यांनी मुद्दाम दोरीची खाट विणली. खाटेला झोळी पडते, झोळीमुळे पोटाला जास्त रक्त मिळतं आणि अन्न पचतं. खाटेवर कंबर दुखत नाही, रात्रभर ॲक्युप्रेशर होतं, ढेकूण होत नाहीत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होत नाहीत. बाळासाठीही कापडाची झोळीच खरी, सपाट लाकडी पाळणा करून आपण ती बिघडवली. शेवटी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातल्या एका जाहिरातीचा फोटो असतो, ९९० डॉलरवाल्या खाटेचा.

बाजेशी माझं काही वाकडं नाही. उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या बाजेची सर फोमच्या गादीला येत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण हा मेसेज बाजेची स्तुती चुकीच्या गोष्टींसाठी करतो, आणि त्यातल्या दोन गोष्टी कुणी मनावर घेतल्या तर माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

आधी ती झोळी, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

बाज विणताना पाहिली असेल तर आठवून बघा. वीण डोक्याकडून सुरू होते आणि पायथ्याच्या दांडीपासून हात-दीड हात अलीकडे थांबते. तिथे एक जाड आडवा दोर असतो. त्या दोरातून आणि पायथ्याच्या दांडीवरून नागमोडी ओवलेली ताणदोरी असते. बाज सैल झाली की घरातलं कुणीतरी जमिनीवर बसून दांडीला पाय लावतं आणि एकेक वेढा ओढत ओढत दोरी घट्ट करतं. चार-आठ दिवसांत पुन्हा ढिली, पुन्हा ओढाओढ. ही ताणदोरी कशासाठी आहे? झोळी घालवण्यासाठी. ज्या झोळीला मेसेज पूर्वजांची देणगी म्हणतो, ती काढून टाकायची सोय पूर्वजांनी बाजेतच करून ठेवली होती. 'बाज पार झोळ झाली' ही आपल्याकडे तक्रार असते, कौतुक नसतं.

बरं, पोट आणि रक्ताचं काय? जेवणानंतर आतड्यांकडे जास्त रक्त जातं हे खरं. पण ते तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जातं. चेतातंतू आणि संप्रेरकं ते काम करतात, मग तुम्ही बसलेले असा, उभे असा की फरशीवर पडलेले. पोट चार इंच खाली गेलं म्हणून रक्त उताराने तिकडे वाहत जात नाही. उलट जेवल्या जेवल्या आडवं पडू नका असं डॉक्टर सांगतात. ज्यांना आंबट ढेकरांचा त्रास आहे त्यांना तर डोक्याकडची बाजू उंच करायला सांगतात.

'दोरीची खाट ही फक्त आपली' हा सूर मेसेजभर आहे. पण लाकडी चौकट आणि त्यात विणलेली दोरी ही युक्ती माणसाने खूप ठिकाणी वापरली. इजिप्तमध्ये देर अल-मदिना इथे १९०६ साली खा नावाच्या अधिकाऱ्याची आणि त्याची बायको मेरित हिची कबर सापडली. त्यातले विणलेले पलंग आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहेत आणि ते जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या कबरीत तर ब्राँझच्या बिजागऱ्यांवर दुमडणारी प्रवासी खाटही होती. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात त्याचा नायक ओडिसियस आपला पलंग कसा केला ते बायकोला सांगतो, त्यात बैलाच्या कातड्याच्या वाद्या ताणल्याचा उल्लेख आहे. आणि ज्या 'इंग्लिश बेड'ला मेसेज झोडपतो, तो कित्येक शतकं दोरीचाच होता. चौकटीला भोकं पाडून त्यांतून दोर ओवायचा आणि सैल पडला की लाकडी किल्लीने पिळून आवळायचा. म्हणजे झोळीशी झगडा तिकडेही चालूच होता.

आपल्याकडच्या खाटेचं सुरेख वर्णन चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने केलं आहे: निमुळते चार पाय, चार दांड्या, मध्ये रेशमाची किंवा सुताची वीण, आणि इतकी हलकी की एकटा माणूस उचलून नेईल. प्रवासात जो तो आपली खाट बरोबर नेई, असं तो सांगतो. बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी दिसलं ते तिचं हलकेपण.

'पूर्वजांना जमत होतं, पण त्यांनी लाकडी पलंग केले नाहीत.' हे वाक्य लिहिणाऱ्याने वराहमिहिर उघडलेला नसावा. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत पलंग आणि आसनांवर अख्खा अध्याय आहे. कोणतं लाकूड शुभ, कोणतं अशुभ, हस्तिदंताची जडावट कशी करावी, सगळं त्यात येतं. साग आणि शिसव चांगल्या लाकडांत मोडतात; वीज पडलेलं किंवा हत्तीने मोडलेलं झाड वर्ज्य. मापंही दिली आहेत: राजाचा पलंग १०० अंगुळं लांब, राजपुत्राचा ९०, मंत्र्याचा ८४, सेनापतीचा ७८, पुरोहिताचा ७२. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर राजाला सव्वासहा फूट मिळतात आणि बिचाऱ्या पुरोहिताला साडेचार! पाठीच्या कण्याचा विचार करून ही मापं ठरली असतील असं वाटत नाही. ती पायरीप्रमाणे ठरलेली आहेत.

आणि आपल्या मुलखातले बहुतेक पूर्वज खाटेवर झोपतच नव्हते. घोंगडी, वाकळ, गोधडी, चटई टाकून मंडळी जमिनीवर झोपत. बाज असायची ती म्हाताऱ्या माणसासाठी, आल्यागेल्यासाठी आणि बाळंतिणीसाठी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देत, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी देत. विणीतून हवा आरपार जाते या गुणाचा खरा वापर आपल्या घरांनी इथे केला. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही. अंबाडीचे, घायपाताचे दोर वळणाऱ्या मातंग कारागिरांचा आणि दांड्या आणि खूर, म्हणजे खाटेचे पाय, घडवणाऱ्या सुतारांचाही नाही. कौतुक सगळं 'पूर्वजांचं', पण ज्यांच्या हातांनी बाज झाली ते पूर्वज मात्र कुठेच नाहीत.

कंबरदुखी. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम होता. म्हणजे लाकडासारखं कडक अंथरूण सगळ्यांना मानवतंच असं नाही, एवढं त्यातून निघतं. खोलगट बाजेचा त्यात संबंधच नाही. ताणून घट्ट केलेली बाज कुणाला मानवेल, कुणाला नाही. पण 'बाजेवर कंबर दुखतच नाही' हे सांगण्यापूर्वी गावाकडच्या म्हाताऱ्यांना तरी विचारायचं होतं.

पूर्वजांचाच हवाला हवा असेल तर प्राचीन शल्यवैद्य सुश्रुत घ्या. पोटरीचं किंवा मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला त्याने 'कपाटशयन' सांगितलं आहे, म्हणजे दाराच्या फळीसारख्या सपाट लाकडावर झोपवणं. अवयव हलू नये म्हणून बांधायला पाच खुंट्या. कटी आणि पाठीच्या कण्याच्या दुखापतीतही हाच उपाय. हाड सरळ राहायला हवं तिथे त्याने रोग्याला विणलेल्या खाटेवर ठेवलं नाही.

ॲक्युप्रेशरबद्दल फार लिहायला नको. सकाळी पाठीवर सुंभाचे वळ दिसतात, एवढंच काय ते प्रेशर. 'जगातल्या सगळ्या आरामखुर्च्यांना झोळी असते' हा मेसेजमधला दाखलाही तसाच. आरामखुर्चीत माणूस तास-दोन तास टेकतो, आठ तास कूस बदलत झोपत नाही.

ढेकणांचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. 'खटिया उन्हात ठेवली की ढेकूण लागत नाहीत' म्हणे. एक जुनं सुभाषित आहे: 'कमले कमला शेते हरः शेते हिमालये। क्षीराब्धौ च हरिः शेते मन्ये मत्कुणशङ्कया॥' लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात जाऊन झोपतो, ते बहुधा ढेकणांच्या भीतीनेच! हा विनोद ज्यांनी केला त्यांच्या घरी फोमचा डबल बेड नव्हता. दांडी खुरात बसते ते भोक, दोरीचे वेढे, विणीच्या गाठी यांच्याइतकी सोयीची जागा ढेकणाला क्वचितच मिळते. ऊन लागलं की ते मरतात खरे, पण त्यासाठी ४५ अंशांच्या वर तापमान बराच वेळ टिकावं लागतं आणि अंडी त्याहून चिवट. बाज उन्हात उभी केली की ढेकूण सावलीच्या फटीत सरकतात. म्हणून तर बाज जमिनीवर आपटायची आणि खुरांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, हा उद्योग घराघरांत चाले. युरोपातही एकोणिसाव्या शतकात लोखंडी पलंग पसरले त्यामागे लाकडातल्या ढेकणांचा वैताग हे एक मोठं कारण होतं.

रोज उचलून झाडता येते, खाली अंधार-धूळ साठत नाही, उन्हाळ्यात गार लागते: मेसेजमधले हे तिन्ही मुद्दे मान्य. सामान कोंबलेल्या बॉक्स बेडपेक्षा बाज झाडायला कधीही सोपी. फक्त हे शहाणपण एकट्या खाटेचं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६०च्या सुमारास रोग्यासाठी कसा पलंग हवा ते लिहून ठेवलं: लोखंडी, गादीपर्यंत हवा पोचेल अशा स्प्रिंगांचा, खाली झालर नसलेला आणि साडेतीन फुटांपेक्षा रुंद नसलेला. इंग्लिश बेडबद्दल इंग्लिश बाईचंच हे मत.

आता गंभीर दोन मुद्दे. पहिला बेडसोअरचा. 'खाटेतून हवा जाते म्हणून बेडसोअर होत नाही' हे अर्धवट आहे आणि म्हणूनच जास्त वाईट. घामाने, ओलाव्याने कातडी नाजूक होते, तेवढ्यापुरती हवा उपयोगी. पण जखम होते ती मुख्यतः सततच्या दाबाने. माकडहाडाजवळ, खुब्यांवर, टाचांवर हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चिरडली जाते आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. झोळ पडलेल्या बाजेत कंबरेखालचा भाग सगळ्यात खोल जातो, शरीर मध्याकडे घसरतं, कातडी दोरीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं. त्या ओढीने जखम आणखी लवकर होते. अशा खोलग्यातून माणसाला कुशीवर वळवणं घरच्यांनाही जड जातं. उपाय आहे तो वळवण्याचाच: साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी कोरडी ठेवायची, टाचा अधांतरी राहतील अशी उशी लावायची, जमत असेल तर आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची हवेची गादी घालायची. 'खाटेवर ठेवलंय, आता काळजी नाही' असं समजून कुणी वळवणं सोडलं तर हाडापर्यंत जखम जाते.

दुसरा बाळाचा. साडीची झोळी आपल्या कष्टकरी बायकांची गरज होती आणि आहे. उसाच्या फडाकडेला, बांधावरच्या झाडाला ती बांधली जाते, कारण खाली मुंग्या-विंचू आणि हाताला काम. कुणी त्यांना दोष देऊ नये. पण घरात सपाट जागा असताना, 'झोळीच आरोग्यदायी' म्हणून तान्ह्या बाळाला रात्रभर तिच्यात ठेवणं वेगळं. लहान बाळाला मान धरता येत नाही. झोळीत हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दुमडते, आणि बाळ रडतही नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवायला सांगतात. अमेरिकेत २०२२ साली १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या, बाळाला झोपवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या साधनांवर कायद्याने बंदी आली. मेसेज ज्या सपाट पाळण्याला 'बिघडवलेला' म्हणतो, तोच जास्त सुरक्षित आहे.

ऑस्ट्रेलियाची जाहिरात खरी आहे. २०१७ साली सिडनीतल्या एका माणसाने स्वतः बनवलेली खाट ९९० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकायला काढली होती. तिकडे सुताराच्या एका दिवसाची मजुरी काय असते ते पाहिलं तर किंमत समजते. आरोग्याशी त्याचा संबंध नाही.

मेसेजमध्ये नसलेला पण बाजेचा सगळ्यात मोठा म्हणावा असा फायदा राहिलाच: ती जमिनीपासून वर असते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंश इतका बारीक की कित्येकदा कळतच नाही. खेड्यात पावसाळ्यात बाजेवर झोपणं याच एका कारणासाठी करावं, आणि वर मच्छरदाणी लावावी. नेपाळच्या तराईतल्या २००७ सालच्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं होतं. मच्छरदाणी लावताना बाजेवर जाड गोधडी टाकून मच्छरदाणीच्या कडा सगळीकडून गोधडीखाली खोचा. नाहीतर विणीच्या भोकांतून डास खालून चावतात.